ओहमकाका

कोणी नवा हेडफोन घेतल्याचं कळलं की लोक किंमत विचारतात, फार तर कंपनी विचारतात. ओहमकाका विचारतात, "किती ओहमचा?" समोरच्याला माहीत नसतं. माहीत असायचं काही कारणही नसतं. चप्पल घेताना आपण तिचा घर्षणांक विचारत नाही. पण काकांनी विचारलं की आपण काहीतरी डोळे झाकून घेऊन बसलो, अशी रुखरुख त्याला लागते ती लागतेच.

हे नाव सोसायटीतल्या पोरांनी ठेवलेलं. समोरच्या विंगमधल्या आजी मात्र ते 'सोहम' समजतात. त्यांनी काकांना खिडकीतून अनेकदा पाहिलंय: दिवा बंद, पंखा बंद, डोळे मिटलेले, मान किंचित डावीकडे. "नोकरी सांभाळून इतकी साधना कोण करतं हल्ली," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

पंखा बंद का, ते सांगायला हवं. काकांचा मुख्य हेडफोन (मुख्य म्हणायचं, कारण उपमुख्य बरेच आहेत) सेनहायझरचा एचडी ६००. १९९७ साली बाजारात आलेला, ३०० ओहमचा आणि ओपन-बॅक. ओपन-बॅक म्हणजे कानावरच्या वाटीला मागून नुसती जाळी. त्यामुळे आवाज डोक्यात कोंडत नाही, मोकळा वाटतो, आणि जाणकार त्यासाठीच पैसे मोजतात. पण जाळीतून आतला आवाज बाहेर जातो तसा बाहेरचाही आत येतो, आणि काका राहतात डोंबिवलीत, रेल्वेलाइनला लागून. लोकलचा भोंगा, खालून "मांदेलीऽऽ बोंबीलऽऽ", शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, वरच्या मजल्यावरच्या मालिकेतलं रडणं, सगळं ऐन विलंबितात येऊन बसतं. बंद वाट्यांचा हेडफोन घ्या की, असं मी एकदा सुचवून पाहिलं.

"अरे, त्यात साउंडस्टेज नाही मिळत."

साउंडस्टेज म्हणजे डोळे मिटल्यावर गवई कुठे बसलाय, तबला कुठे, तंबोरे किती मागे, हे नेमकं जाणवणं. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला एवढी ऐसपैस जागा फक्त कानातच परवडते, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

लोकल बंद करता येत नाही, पंखा येतो. म्हणून तो बंद, मे महिन्यातसुद्धा. अंगात बनियन, मानेवर पंचा आणि कानांवर मखमली गाद्या, ज्या घाम पिऊन पिऊन जड होतात. आधीच्या हेडफोनच्या गाद्या रेक्झिनच्या होत्या. आपल्या दमट हवेत त्यांचे पोपडे निघाले आणि काका आठवडाभर कानामागे काळे तुकडे चिकटवून ऑफिसला जात राहिले. कोणी काही बोललं नाही. सगळ्यांना वाटलं, काहीतरी आयुर्वेदिक चालू असेल.

हा नाद आजचा नाही. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९८९ साली साउंड ब्लास्टर आणलं, तोवर पीसीच्या पोटातला स्पीकर टुक-टुक करण्यापलीकडे फारसं काही करत नसे. पुढे आपल्याकडे लॅमिंग्टन रोडवर जाऊन कॉम्प्युटर जुळवून घ्यायचे दिवस आले. लोक रॅमसाठी घासाघीस करायचे, काका साउंड कार्डासाठी. १९९८ ला साउंड ब्लास्टर लाइव्ह आलं आणि काकांनी पहिल्यावहिल्या पगारातून ते घेतलं. त्या काळी हा शहाणपणाच होता. मदरबोर्डवर फुकट मिळणारा आवाज खरोखरच ऐकवत नसे. हार्ड डिस्क फिरली की गाण्यात पोटदुखी ऐकू यायची.

एकच झालं. ते कार्ड सीडीचा ४४.१ किलोहर्ट्झचा आवाज आतल्या आत ४८ चा करून मग वाजवायचं, हे काकांना फार उशिरा समजलं, कार्ड भंगारात जाऊन वर्षं लोटल्यावर. त्या रात्री ते जेवले नाहीत.

"म्हणजे लग्नाआधी जे जे ऐकलं ते सगळं चुकीचं ऐकलं मी," ते काकूंना म्हणाले.

"मग लग्नानंतरचं तरी नीट ऐका," काकू म्हणाल्या. "गॅसचा नंबर लावायला सांगून चार दिवस झाले."

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की काका निव्वळ वेडे आहेत. तसं नाही, आणि गंमत तिथेच आहे. दुसऱ्याला सल्ला देताना हा माणूस कमालीचा शहाणा असतो. तिसऱ्या मजल्यावरच्या पोराच्या कॉम्प्युटरला हेडफोन लावला की किर्रर्र यायचं आणि माउस हलवला की त्या किर्रर्रचा सूर बदलायचा. पोरगा साउंड कार्ड मागवायला निघाला होता. काका आले. कॅबिनेटच्या पुढच्या भोकातली पिन काढली आणि मागच्या भोकात घातली. निम्मी किरकिर गेली.

"पुढच्या जॅकची वायर अख्खा मदरबोर्ड ओलांडून, ग्राफिक्स कार्डाला घासून येते," काकांनी सांगितलं. "वाटेत जो भेटेल त्याची बडबड उचलते. उरलेली घालवायला यूएसबीचा डोंगल घे, हजारभर रुपयांत येतो. त्यातच डॅक असतो. फाइलमधल्या आकड्यांचा आवाज करण्याचं काम मग कॅबिनेटच्या बाहेर, शांततेत होईल. हेडफोन किती ओहमचा? ३२? मग अँप बिलकूल नको. ओहम भरपूर आणि सेन्सिटिव्हिटी कमी असली तर अँपचा विचार करायचा. पैसे उरले तर चांगल्या हेडफोनवर घाल, सगळ्यात जास्त फरक तिथे पडतो. आणि मीटिंगला ब्लूटूथ लावत असशील तर गाण्याची अपेक्षा धरू नकोस, माइक चालू झाला की ते टेलिफोनच्या पायरीला उतरतं."

चहा होईस्तोवर सगळं संपलं होतं. मदरबोर्डवर हल्ली बहुधा रिअलटेकची चिप असते, खेकड्याची खूण असलेली. तीही काही वाईट नसते, तिला उगाच शिव्या देऊ नकोस, हेसुद्धा जाता जाता काकांनीच सांगितलं. आठ-दहा हजारांचा खर्च वाचवून हा माणूस जिना उतरला आणि घरी जाऊन स्वतःसाठी अकरा हजारांची केबल मागवली.

काकांच्या टेबलावर एका लॅपटॉपपासून दोन कानांपर्यंत आवाज पोचायला जो प्रवास घडतो, तो पाहण्यासारखा आहे. लॅपटॉपमधून यूएसबी निघते, ती एका डबीत शिरते. ही डबी वीज 'स्वच्छ' करते. तिथून डॅक. डॅकमधून दोन वायरी अँपमध्ये. अँपमधून हेडफोन. प्रत्येक डबीला स्वतंत्र अडॅप्टर, अडॅप्टरांना एक्स्टेन्शन बोर्ड, बोर्डाला आणखी एक बोर्ड, आणि त्या दुसऱ्या बोर्डावर मिक्सर लावायचा नाही अशी काकूंना ताकीद. अँपचा स्वतःचा अडथळा हेडफोनच्या ओहमच्या एक-अष्टमांशाहून जास्त नसावा, असा एक जुना ठोकताळा आहे. ३०० ला आठाने भागलं की साडेसदतीस. काकांचा अँप एक ओहमच्याही आत आहे. एवढा बंदोबस्त मंत्र्यांनाही मिळत नाही.

खरं तर काकांचा प्रश्न कधीच सुटला होता. २०११ साली एका इंजिनिअरने स्वतःचं नाव न सांगता हेडफोन अँपचा एक आराखडा फुकट जाहीर केला. नाव ओ-टू. स्वस्तातल्या सुट्या भागांतून जुळणारा, पण मोजमापं घेतली तर भल्याभल्या महागड्या अँपांना खाली बघायला लावणारा. चांगल्या अँपला फार पैसे पडत नाहीत हे आकडे मांडून दाखवलं आणि २०१२ मध्ये गडी जो बोलायचा थांबला तो थांबलाच. कोण होता, कुठे गेला, आजवर उघड झालेलं नाही. काकांनी देव्हाऱ्यात त्याचा फोटो ठेवला असता, पण फोटो कुठून आणणार!

काकांनी लॅमिंग्टन रोडवरून भाग आणले, दोन रविवार सोल्डरिंगचा धूर केला आणि ओ-टू उभा केला. उत्तम वाजला. खरखर नाही, गुणगुण नाही, एचडी ६०० ला लागेल तेवढी ताकद. त्यानंतर सहा महिने काका खिन्न होते. ऐकण्यावाचून करण्यासारखं काही शिल्लकच राहिलं नव्हतं.

मग त्यांनी व्हॉल्व्हचा अँप आणला आणि घरात पुन्हा चैतन्य आलं. व्हॉल्व्ह बदलता येतात. जुने सोव्हिएत व्हॉल्व्ह मिळतात, त्यांत अमक्या कारखान्याचे उबदार आणि तमक्या कारखान्याचे कोरडे अशी भांडणं असतात. उबदार म्हणजे इथे आवाज. खोली उबदार होते ती वेगळी. दोन व्हॉल्व्ह तापलेले आणि पंखा बंद.

नवा हेडफोन आणला की तो आधी 'पिकवावा' लागतो, अशी या जमातीत श्रद्धा आहे. शंभर तास त्यात पिंक नॉइज वाजवत ठेवायचा, म्हणजे आतला पडदा सैल होतो आणि आवाज खुलतो. शंभर तासांत कानच त्या आवाजाला सरावतो, असं दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, आणि मी त्या पक्षात आहे. काकांनी नवा हेडफोन पिकत ठेवला तो काकूंच्या कपाटात, शालूंच्या मागे, कोणाला त्रास नको म्हणून. आता पिंक नॉइज ऐकायला कसा असतो? लांबवर पाणी पडत असावं तसा. काकूंना रात्री जाग आली. त्यांनी बाथरूम पाहिलं, मोरी पाहिली, भिंतीला कान लावला आणि सकाळी काका ऑफिसला गेल्यावर प्लंबर बोलावला. प्लंबरनेही भिंतीला कान लावला.

"कन्सील लाइन लीक आहे, वहिनी," तो छातीठोकपणे म्हणाला.

चार टाइल्स फुटल्या तेव्हा काका ऑफिसातून फोनवर सापडले. काकूंनी त्यांना काय ऐकवलं ते वरच्या मजल्यापर्यंत, मालिकेच्या वर, स्वच्छ ऐकू आलं. हेडफोन तोवर एकाहत्तर तास पिकला होता. काकांचं अजून म्हणणं आहे की त्याच्या खालच्या पट्टीत जी कसर आहे ती उरलेल्या एकोणतीस तासांची.

एवढं करून काका ऐकतात काय? त्यांचं दैवत अब्दुल करीम खाँ. खाँसाहेब १९३७ साली गेले. मागे राहिल्या त्या ७८ च्या तबकड्या, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. काकांकडे त्या २४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या फाइलींत आहेत. माणसाच्या कानाची धाव तरुणपणी २० किलोहर्ट्झपर्यंत, आणि तेवढ्याला सीडीचे ४४.१ पुरून उरतात. १९२ मध्ये थेट ९६ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो, म्हणजे वटवाघळांचीही सोय झाली. त्या तबकड्यांत मुळात आठ-दहा किलोहर्ट्झच्या वर गाणं म्हणून काही शोधायला जाऊ नये. पण मला एकदा काकांनी बसवलं, हेडफोन घातला, स्वतःच्या हाताने नीट केला आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. भैरवी होती. माझ्या अंगावर काटा आला.

"जाणवली ना?" काकांनी विचारलं.

"काय सूर आहे हो!"

"सूर नव्हे रे. खरखर. सुईची खरखर किती सुटी-सुटी येते बघ. मोबाइलवर हिचा नुसता लगदा होतो."

काकांची मुलगी इंजिनिअरिंगला आहे आणि बापावर तिचं फार प्रेम आहे, म्हणून ती त्यांना सोडत नाही. तिने एकदा दोन डॅक आणि एक स्विच जोडून त्यांची परीक्षा घेतली. कुठला डॅक चालू आहे ते न सांगता दहा वेळा ऐकवलं. काकांनी पाच वेळा बरोबर ओळखलं, म्हणजे नाणं उडवून जेवढं ओळखता येतं तेवढं. काका क्षणभर गप्प राहिले, मग प्रसन्न झाले. "बघितलंस, हा स्विच किती बेकार आहे? दोघांचाही आवाज खलास करतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी चांगला स्विच मागवला. दुसऱ्या एका संध्याकाळी तिने फोनवर १५ किलोहर्ट्झचा सूर लावला आणि स्वतःच कान झाकून घेतले. पन्नाशी उलटलेले काका शांतपणे पोहे खात होते.

"लागतंय का काही?"

"लाव ना आधी."

सध्या काकांनी मोर्चा विजेकडे वळवला आहे. व्हॉल्व्हच्या अँपमध्ये बारीक गुंऽऽ येत होतं. "५० हर्ट्झ," काकांनी एका कानाने सांगितलं. आपल्याकडच्या विजेची हीच चाल. घरात चोवीस तास एक सा लागलेला, आणि तोही खाँसाहेबांच्या पट्टीला सोडून. काकांनी मीटर लावून पाहिलं तर इमारतीचं अर्थिंगच मेलेलं. हा विषय त्यांनी थेट वार्षिक सभेत, पार्किंग आणि पाणी यांच्या मधोमध मांडला. हेडफोनचा उच्चारही केला नाही. आजींच्या फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात का, लॅपटॉपची पत्र्याची कड चावते का, गीझर सुरू असताना नळ सोडायची भीती वाटते का, एवढंच विचारलं. निम्मे हात वर गेले. ठराव एकमताने झाला, जे आमच्या सोसायटीत पुन्हा होईल असं वाटत नाही.

खड्डा खणला, लोखंडी पाइप उतरवला, कोळसा आणि मीठ घातलं, पाणी ओतलं. आजींचा फ्रिज माणसाळला. तिसऱ्या मजल्यावरच्या पोराचा लॅपटॉप चावायचा थांबला. लोक जिन्यात काकांना थांबवून आभार मानू लागले. मीही गेलो, गुणगुण गेली का विचारायला.

"गेली," काका म्हणाले, "पार गेली." मग हेडफोन कानावरून थोडा सरकवून म्हणाले, "पण तिच्याबरोबर वरची हवाही थोडी गेली रे. आवाज कोरडा येतोय." आणि पाइप लोखंडाऐवजी तांब्याचा घालता येईल का, असं पत्र त्यांनी सेक्रेटरींना दिलंसुद्धा.