राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 28

गोवळकोटहून दाभोळला होडीनं जायचं, असं मामांनी ठरवलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर जुना काळ होता. मुंबईची आगबोट दाभोळला लागायची आणि तिथून लहान लाँच भरतीच्या पाण्यावर खाडीतून चिपळूणकडे चढायची.

मीही अभ्यास करून आलो होतो. 2016 च्या कायद्यानं देशातले 111 जलमार्ग राष्ट्रीय झाले, त्यांत दाभोळ खाडी-वाशिष्ठीचा क्रमांक 28, लांबी 45 किलोमीटर. राष्ट्रीय म्हटल्यावर माझ्यासमोर रुंद, खोल, खुणा लावलेलं पाणी आलं. खरं तर कोकणातला राष्ट्रीय महामार्ग आठवायला हवा होता. अपेक्षा माफक राहिल्या असत्या.

त्या दिवशी दशमी. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती, हे मामांचं गणित. दहाची पाऊणपट साडेसात. माझ्या फोननंही जवळपास तीच वेळ सांगितल्यावर मामांना फोनबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला. तांडेलानं मात्र पंचांग पाहिलं नाही की फोन. धक्क्याच्या पायरीवरची ओली रेघ पाहून तो म्हणाला, "ती येळ दाभोळची. पानी हितं चढायला आनखी तासभर तरी जातो. आनि दशमीचं पानी भांगाचं, त्येच्यात दम नसतो. साडेआठाला निघूया."

निघालोही असतो, पण मामींनी घावणे करायला घेतले होते. घावणा तव्यावर असताना कोणी उठत नाही. दहा वाजले.

पहिले दोन तास मजेत गेले. दोन्ही काठांना तिवरं, मध्ये शांत पाणी, एका वळणावर चिखलात ऊन खात पडलेली मगर. तोंड उघडं, जांभई अर्ध्यावर विसरल्यासारखी. मामांनी तिला हात केला.

साडेबाराच्या सुमारास होडी थांबली. आवाज नाही, धक्का नाही. काठावरची तिवरं मागं सरकायची तेवढी बंद झाली. तांडेलानं इंजिन वर उचललं तर पंख्याला चिखलाची दाढी आलेली. त्यानं बांबू खाली सोडला. वर काढला तेव्हा दीड वीत ओला होता.

"उतरा, ढकलूया."

"आणि ती मगर?"

"ती मगाचच्या वळनावरची हाय," तांडेल समजुतीच्या सुरात म्हणाला. "हितली दुसरी."

उतरलो. खाडीचा चिखल पाय घेताना सावकाश घेतो आणि परत करताना फक्त पाय करतो, चप्पल ठेवून घेतो. माझी डावी गेली. होडी हातभर सरकली, तीही बहुधा आमचं मन राखायला. पाणी आमच्या डोळ्यांदेखत उतरत होतं. खेकड्यांनी भोकांतून डोळे काढले. डोक्यावर तिसऱ्यांच्या पाट्या घेतलेल्या दोघी जणी शेजारून चालत पुढं गेल्या. राष्ट्रीय जलमार्गावर पादचाऱ्यांनी आम्हाला मागं टाकलं. त्यांतली एक म्हणाली, "दाभोळास काय?" उत्तरासाठी ती थांबली नाही.

"आता पुढची भरती," तांडेलानं बिडी पेटवली. "नायतर वरनं कोयनेचं पानी यायला होवं."

हे मला नवीन नव्हतं. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली येतं, पोफळीला वीज करतं आणि मग वाशिष्ठीत उतरतं. विजेची मागणी वाढली की सोडतात जास्त. म्हणजे आम्हाला वर उचलायचं तर चंद्रानं तरी मनावर घ्यायला हवं, नाहीतर राज्यभरच्या लोकांनी एकदम एसी लावायला हवेत. ओळखीच्या चार घरी फोन करावा असं मनात आलं, पण रेंज नव्हती.

होडी एका कुशीवर कलली. आम्ही वरच्या अंगाला बसून उरलेले घावणे संपवले. मामा आगबोटीच्या गोष्टी सांगता सांगता झोपले. पावणेतीनच्या सुमारास पाणी पुरतं थबकलं, मग वाहून आलेली एक करवंटी विचार बदलल्यासारखी उलटी, चिपळूणच्या दिशेनं निघाली. पाच वाजून गेल्यावर होडीनं अंग सावरलं आणि कोणी हात न लावता सुटली.

दाभोळला जायची वेळ टळली होती. करवंटीच्या मागोमाग आम्हीही गोवळकोटला परत आलो. दारात मामी उभ्याच होत्या. माझ्या एका चपलेकडे बघत त्यांनी मामांना विचारलं, "कसं आहे हो दाभोळ?"

"आहे तिथंच आहे," मामा म्हणाले आणि पाय धुवायला मागीलदारी गेले.