अंकोरवाट : अवघ्या २३ वर्षांत पोहोचण्याची खात्रीशीर पद्धत

कंबोडियाला जाणं अवघड नाही. मुंबईहून बँकॉक, बँकॉकहून सिएम रीप. व्हिसा घरबसल्या ऑनलाइन मिळतो. असं काय, कुणीही उठून जाईल. प्रस्तुत मार्गदर्शन त्या लोकांसाठी नाही. ज्यांना एखाद्या देशाला रीतसर, सगळ्यांना विचारून आणि पूर्ण तयारीनिशी जायचं आहे, त्यांच्यासाठी ते आहे. प्रस्तुत लेखकाने ही पद्धत स्वतःवर वापरलेली आहे. आरंभ २००१, पोहोच नोव्हेंबर २०२४.

सर्वात आधी एक चित्र लागतं. माझं शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात होतं. टपाल तिकिटापेक्षा जरासं मोठं, शाई फुटलेली, त्यात देवळाची शिखरं आणि पुढं पाणी. पुस्तकातल्या समस्त राजेमहाराजांना मी बॉलपेननं चष्मे काढले होते. या चित्राला हात लावला नाही, यावरून ओढ किती होती ते लक्षात यावं.

नोकरी लागली की फाईल उघडावी. माझी खाकी होती, वर स्केचपेननं ‘कंबोडिया’. आत वर्तमानपत्रातली कात्रणं, हातानं उतरवलेला नकाशा आणि मेहुण्यानं परदेशाहून आणून दिलेली वीस डॉलरची एक नोट, टाचणीनं टोचून. फाईलचा खरा उपयोग असा, की ती उघडून पुन्हा नीट लावून ठेवली की माणसाला निम्मं जाऊन आल्यासारखं वाटतं. हे सुख वर्षाकाठी दोनदा घ्यावं. त्याहून जास्त घेतल्यास प्रत्यक्ष जाण्याचा धोका संभवतो.

आता न जाण्याची कारणं. ही एकदम वापरून टाकू नयेत, पुरवून पुरवून वापरावीत. पहिली चार वर्षं ‘तिथं जमिनीत सुरुंग आहेत’ यावर निघाली. सुरुंग खरोखरच होते, जवळजवळ तीस वर्षांच्या युद्धानं पेरलेले, पण प्रवासी हिंडतात त्या देवळांच्या वाटा तोवर साफ झाल्या होत्या, हे फाईलमधल्याच एका कात्रणात होतं. ते कात्रण मी खालच्या बाजूला सरकवलं. पुढं फ्लॅटचे हप्ते. मग आईचे गुडघे, एकेक करून दोन्ही. मग मुलीची दहावी. दहावी हे कारण एक वर्षाचं आहे असा गैरसमज आहे. ते नववीपासून धरता येतं. आम्ही दोन वर्षं श्वास रोखून बसलो आणि २०२१ ची परीक्षाच रद्द झाली. करोनाची वर्षं मात्र मी हिशेबात धरत नाही. तेव्हा अख्खं जगच थांबलं होतं, त्यात आपलं कर्तृत्व काय?

नातेवाइकांचं मत घेणं अनिवार्य आहे. काका म्हणाले, “कंबोडिया? अरे, दुबईला जा. सगळं एका ठिकाणी आहे.” आत्याचा प्रश्न एकच होता. “तिथं खातात काय?”

थांबण्याला भाडं पडतं, तेही सांगून टाकतो. मी फाईल उघडली तेव्हा अंकोरचा तीन दिवसांचा पास ४० डॉलरला होता आणि डॉलर साधारण ४७ रुपयांना. फेब्रुवारी २०१७ पासून तो पास ६२ डॉलर झाला, आणि आम्ही निघालो तेव्हा डॉलर ८४ च्या घरात होता. म्हणजे अठराशे ऐंशीचे झाले पाच हजार दोनशे, माणशी. शिवाय जुना विमानतळ गावाजवळ होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये नवा सुरू झाला, तो इतका लांब की उतरल्यावरही आपण अजून निघालोच आहोत असं वाटतं. माझ्या पद्धतीला हे शोभूनच दिसलं.

तारीख मात्र विचार करून काढावी. आमच्याकडे स्वयंपाकघराच्या दारामागच्या कॅलेंडरला विचारल्याशिवाय गॅस सिलिंडरही लावत नाहीत. हिनं बोट ठेवलं ते १५ नोव्हेंबरवर, त्रिपुरी पौर्णिमा. “देवळाचं पहिलं दर्शन पौर्णिमेला घ्यायचं. एवढी वर्षं थांबलो, तर आता दिवस तरी चांगला नको?” मी फाईल चाळली आणि चाटच पडलो. ख्मेर पंचांगातही हा कार्तिकच, ते ‘कदक’ म्हणतात, आणि त्याच पौर्णिमेला त्यांचा बॉन ओम तूक, पाण्याचा नि नौकांच्या शर्यतींचा सण. पावसाळ्यात मेकाँगला इतकं पाणी येतं की तोन्ले साप नदी उलटी, सरोवराकडे वाहायला लागते. पाऊस सरला की ती पुन्हा समुद्राच्या वाटेला लागते, त्या वळण्याचा हा उत्सव. उलट्या वाहणाऱ्या नदीची सुद्धा तारीख ठरलेली असते, हे वाचून मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

सामानात दिवाळीचा उरलेला फराळ घ्यावा. आम्ही दोन किलो नेला आणि दीड किलो परत आणला, कारण आत्याच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच जेवणात मिळालं. केळीच्या पानाच्या द्रोणात आमोक आला: नारळाचं दूध, मासा, हळद, आणि वास आला तो थेट आमच्या सकाळच्या चहाचा. आपण गवती चहा कपात घालतो, ते लोक कालवणात घालतात, एवढाच काय तो दोन संस्कृतींमधला भेद. शाकाहाऱ्यांनी ‘ओत साच’, म्हणजे मांस नको, एवढं पाठ करून निर्धास्त राहू नये. आंबवलेल्या माशांचं प्रहोक आणि माशाचं पाणी हे तिथं मांसात मोजत नाहीत, मिठात मोजतात.

पैशांबाबत एकच सूचना. तिथं डॉलर सर्रास चालतात आणि सुटे रिएलमध्ये परत येतात, डॉलरला चार हजारांच्या आसपास. पण नोट कोरी करकरीत हवी. बाजारात एका बाईंकडून मी ताडगुळाची पुडी घेतली आणि मोठ्या मायेनं मेहुण्याची नोट काढली. बाईंनी ती उजेडात धरली. टाचणीच्या दोन भोकांतून सकाळचं ऊन त्यांच्या गालावर पडलं. मग दोन्ही हातांनी, अगदी आदरपूर्वक, त्यांनी ती मला परत दिली. तेवीस वर्षं जपून ठेवलेली वस्तू नेमकी जपल्यामुळं बाद झाली.

आता प्रत्यक्ष देऊळ. पहाटे साडेचारला उठावं. हे देऊळ पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळं समोर उभं राहिलं की सूर्य शिखरांच्या मागून वर येतो, आणि त्यासाठी सगळे डावीकडच्या तळ्याकाठी दाटीवाटीनं उभे असतात. सूर्योदय मी एका कोरियन आजोबांच्या फोनवर पाहिला. फोन चांगला होता.

आत गेल्यावर आपल्या मराठी माणसानं पाळायचा नियम म्हणजे गाईडला माहिती सांगू नये. हे पाळणं कठीण आहे. सूर्यवर्मन दुसरा यानं बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात हे विष्णूसाठी बांधलं, त्यामुळं भिंतीवरची सगळी मंडळी ओळखीची निघतात. उजव्या हाताला कुरुक्षेत्र, त्यात शरशय्येवरचे भीष्म. डाव्या हाताला लंकेचं युद्ध. मी तोंड उघडलं तेवढ्यात हिनं माझा दंड धरला.

पण पूर्वेच्या ओवरीत तिलाच राहवेना. तिथं समुद्रमंथन आहे, जवळजवळ ५० मीटर लांब, एका ओळीत. एकीकडे असुर, दुसरीकडे देव, मध्ये कासवावरचा पर्वत आणि विष्णू. खाली समुद्रात मासे, सुसरी. आणि जसजसं रवीजवळ यावं तसतसे मासे तुटलेले, कुणाचं डोकं वेगळं, कुणाची शेपटी भिरकावलेली. मंथनात अमृताच्या आधी विष निघालं हे ऐकून होतो, मासे मेले हे कुणी सांगितलं नव्हतं. ज्यानं हे कोरलं त्यानं नक्कीच कधीतरी ताक घुसळताना भांड्यात डोकावून पाहिलं असणार. कित्येकांचे हात लागून लागून दगड शिसवीसारखा चकाकतोय. देवांच्या टोकाला, वासुकीची शेपूट धरून, चक्क एक वानर उभा.

“हा इथं काय करतोय?” ही गाईडला म्हणाली. “आमच्याकडे मंथनाला मारुती नव्हता.”

गाईड हसून म्हणाला, “आमच्याकडे होता.”

या उत्तरावर आमच्याकडे काही नव्हतं. बदल्यात मी त्याला सांगितलं, की १९८६ ते १९९३ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची माणसं या देवळावर काम करत होती. म्हणजे मी वर्गात ते टपाल तिकिटाएवढं चित्र बघत होतो, तेव्हा आपलाच कुणीतरी शिखरावर ब्रश घेऊन बसला होता. तो रजा-प्रवासभत्ता घेऊन गेला असणार, हेही माझ्या मनात आलं.

मग बाकान, म्हणजे सर्वात वरचा मजला, मधलं शिखर. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत, नुसती ओढणी टाकून चालत नाही. आम्ही फुल बाह्यांत, फुल पँटीत, तेवीस वर्षांच्या तयारीनिशी जिन्यापाशी गेलो. जिना बंद. पाटीवर कारण होतं: बौद्ध पवित्र दिवस. तिथं महिन्यातून चार असे दिवस असतात, पौर्णिमा त्यातली मुख्य, आणि त्या दिवशी वर सोडत नाहीत.

हिनं पाटी दोनदा वाचली. कॅलेंडर तेच, पौर्णिमा तीच, फक्त आपण दार उघडतो त्या दिवशी ते लावतात.

बाहेर आमचे रमोकवाले, म्हणजे टुकटुकवाले, झाडाखाली हॅमॉकमध्ये पहुडले होते. चाळिशीचे असतील. मी जरा तक्रारीच्या सुरात म्हणालो, “आधी सांगायचं नाही का?”

“मला वाटलं, तुम्ही मुद्दामच शीलाच्या दिवशी आलात,” ते म्हणाले. “भारतातून आलात म्हणून.”

त्या दिवसाला ते शीलच म्हणतात. शब्द आपला, त्यांनी पाळलाय.

तीन दिवसांचा पास दहा दिवसांत कोणतेही तीन दिवस चालतो, त्यामुळं दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. पाऊण तास रांग, मग ती लाकडी पायऱ्यांची चढण, जिच्यावर माणूस आपोआप हात टेकतो. वर वारा होता. बुद्धाच्या मूर्तीपुढं ताज्या उदबत्तीची राख अजून पडली नव्हती, कांडीवर तशीच वाकून उभी होती. पश्चिमेला सरळ खाली दगडी रस्ता, त्यापलीकडे खंदक, आणि त्या रस्त्यावरून मुंगीएवढी माणसं येतायत. त्यातला प्रत्येक जण मध्येच थांबून मान वर करत होता. आम्ही दोघं काहीच बोललो नाही. नंतर ही म्हणाली, “चित्रात हे पलीकडचं दिसत नव्हतं.”

खाली उतरलो तर रमोकवाल्यांनी विचारलं, “वर काय आहे?”

मला वाटलं माझी परीक्षा घेतायत. “तुम्ही नाही गेलात कधी?”

“नाही. आमच्या लोकांना तिकीट नाही, फुकट आहे.” त्यांनी हॅमॉक सोडून घडी घातली. “जाईन की. इथंच तर आहे. आधी भातकापणी होऊ दे, मग मुलीची परीक्षा.”

मी या विषयातला जाणकार माणूस. त्यांच्या शेजारी बसलो आणि विचारलं, “फाईल केलीय का?”