मॅटाडोरचे दत्तकविधान

ज्या गाडीच्या दोन्ही अंगांवर संस्थेचे नाव रंगवलेले असते, ती मोडीत काढणे म्हणजे संस्थाच मोडीत काढण्याचा पहिला हप्ता भरणे होय, अशी आमच्या सांगलीतील सार्वजनिक कार्यकर्त्यांची पूर्वापार समजूत आहे. त्यामुळे आमच्या हौशी नाट्यमंडळाच्या 1986 सालच्या मॅटाडोरने जेव्हा निळ्या धुराचे असे काही लोट सोडण्यास आरंभ केला, की मागून येणारे एस.टी.चे चालक पुढे जाताना आमच्या वाडवडिलांचा नामोल्लेख करू लागले, तेव्हाही गाडी विकून टाकावी हा विचार कार्यकारिणीत कोणी तोंडाबाहेर काढला नाही. अध्यक्षांनी तर तशी शंका निघण्यापूर्वीच तिचे निरसन करून टाकले. ज्या नगरीत 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभे केले, त्या नगरीतील नाट्यसंस्थेने भाड्याच्या टेम्पोतून पडदे न्यावेत, ही कल्पनाच त्यांना असह्य होती. भाव्यांच्या पाठीशी संस्थानाधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन उभे होते आणि आमच्या पाठीशी उधारीवर डिझेल देणारा एक पंपवाला, एवढा तपशिलाचा फरक त्यांनी सोडून दिला. इंजिन बदलण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. त्यानंतर बराच काळ आमच्या मंडळात दुसरे काहीही एकमताने झाले नाही.

रोगनिदान मिरजेच्या एका मिस्त्रींनी केले. मिरज हे दवाखान्यांचे गाव असल्यामुळे तेथील मिस्त्र्यांच्या निदानावरही लोकांचा विश्वास असतो, आणि या मिस्त्रींची पद्धत खरोखरच एखाद्या निष्णात धन्वंतरीला शोभेल अशी होती. त्यांनी इंजिन चालू ठेवून तेल ओतण्याच्या तोंडाचे झाकण काढले, ते उलटे करून त्याच तोंडावर अलगद ठेवले आणि हात पाठीशी बांधून ते स्वस्थ उभे राहिले. झाकण प्रथम थरथरले, मग टणटण नाचू लागले, आणि अखेरीस उसळी घेऊन, अध्यक्षांच्या परीटघडीच्या धोतरावर काळ्या तेलाची वेलबुट्टी काढीत जमिनीवर पडले.

"रिंगा गेल्या, साहेब. कॉम्प्रेशन सगळं खाली उतरतंय."

कोषाध्यक्षांनी तत्काळ नुसत्या रिंगांचा भाव विचारला. मिस्त्रींनी त्यांच्याकडे करुणेने पाहिले. "बोअर दोनदा झालाय, क्रँक शेवटच्या साइजला आलाय. आता घासायचा ऱ्हायलाय त्यो तुमचा खिसा."

तेव्हा वारस बाहेरून आणणे प्राप्त होते. आता या गाडीच्या कुळाचा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला यात अघटित असे काहीच वाटणार नाही. हिचे मूळ घराणे हँबुर्गचे. तेथील टेम्पो कारखान्याने 1949 साली मॅटाडोर नावाची गाडी काढली, तेव्हा तिला शोभेसे स्वतःचे इंजिन त्यांच्यापाशी नव्हतेच. फोक्सवॅगनच्या छोट्या मोटारीचे पंचवीस अश्वशक्तीचे इंजिन आणून त्यांनी तिच्यात बसवले. पुढे फोक्सवॅगनने इंजिने देण्याचे थांबवले, मग इतर दारे ठोठावणे आले, आणि त्या फेऱ्यात विलायतेच्या ऑस्टिनचीही वर्णी लागली. कालांतराने कारखाना हानोमागच्या आणि हानोमाग मर्सिडीजच्या पदरात पडला. इकडे फिरोदियांच्या बजाज टेम्पोने हीच गाडी पुण्याजवळ आकुर्डीला बनवली आणि तिच्या पोटात मर्सिडीजच्या परवान्याचे ओ.एम. 616 हे चार सिलिंडरांचे, 2.4 लिटरचे डिझेल इंजिन घातले. मर्सिडीजच्या 240 डी या मोटारीतही हेच इंजिन असे, ही माहिती अध्यक्षांना कोणी पुरवली कोण जाणे. परंतु तेव्हापासून परगावच्या प्रयोगांना आपण 'मर्सिडीजने' येऊ, असे ते पत्रात लिहू लागले होते, आणि स्वागताला हार घेऊन उभ्या राहिलेल्या मंडळींची मुद्रा आमची गाडी थांबल्यावर कशी होत असे, ते मी कार्यवाह या नात्याने पुढच्या बाकावरून पाहिलेले आहे. तात्पर्य, या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या गादी दत्तकानेच चालत आली होती. प्रश्न फक्त दत्तक कोठून घ्यावा, एवढाच होता. आणि संस्थानी मुलखात वाढलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही की, या एका प्रश्नापायी भल्या भल्या दौलतींत भाऊबंदकी माजलेली आहे.

पहिला हक्कदार उपाध्यक्षांनी पुढे केला. ते तासगावकडचे द्राक्षबागायतदार. त्यांच्या मळ्यात एक जुना मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर धूळ खात उभा होता, आणि त्याचे तीन सिलिंडरांचे सिम्पसन इंजिन ते मंडळाला फुकट द्यायला तयार होते. फुकट हा शब्द उच्चारला जाताच कोषाध्यक्षांच्या नेत्रांत जे तेज प्रकट झाले ते मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिले नव्हते. मिस्त्रींनी मात्र हिशेब मांडला. ट्रॅक्टरचे इंजिन दमदार खरे, पण ते मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेऱ्यांवर काम करण्यासाठी घडवलेले. मॅटाडोरचे इंजिन चार हजारांच्या पलीकडे जाते. गिअरबॉक्स जुनाच ठेवायचा म्हटल्यास गाडीचा वेग जवळजवळ निम्म्यावर येणार. म्हणजे पुण्याच्या प्रयोगासाठी पहाटे सांगलीहून निघालेला आमचा संच तिसऱ्या अंकाच्या सुमारास स्वारगेटला पोहोचणार. यावर, "आपल्या नाटकाचा तिसरा अंकच काय तो बघण्याजोगा असतो," असा शेरा दिग्दर्शकांच्या एका जुन्या वैऱ्याने मारला, आणि त्या दिवशीची सभा तहकूब करावी लागली.

तरुण सभासदांचा पक्ष जीपच्या इंजिनाचा होता. महिंद्राच्या जीपमधले प्यूजो डिझेल, 2112 सी.सी.चे; ते सर्वत्र मिळते, त्याचे सुटे भाग किराणा दुकानात ठेवायचे तेवढे राहिले आहेत, वगैरे वगैरे. अ‍ॅम्बॅसॅडरच्या पेट्रोल इंजिनाची सूचनाही एकाने केली, पण ज्या काळात अ‍ॅम्बॅसॅडरवालेच आपल्या गाडीतले इंजिन काढून तेथे मॅटाडोरचे बसवून मिरवत होते, त्या काळात ही उलटी गंगा वाहवण्यात अर्थ नव्हता. जीपच्या पक्षाला खरे बळ लाभले ते आमच्या इतिहासाच्या मास्तरांमुळे. परकुळातला वारस घराण्याला लाभत नाही हा निव्वळ भ्रम आहे, असे त्यांनी ठासून सांगितले. कवळाण्याच्या शेतकऱ्याचा मुलगा 1875 साली बडोद्याच्या गादीवर बसला, त्याचे सयाजीराव महाराज झाले. कागलच्या घाटग्यांचा मुलगा 1884 साली कोल्हापूरला दत्तक आला, त्याचे शाहू महाराज झाले. मग जीपच्या इंजिनाने मॅटाडोरमध्ये का पराक्रम करू नये? भाषण इतके बिनतोड झाले की, त्या क्षणी मते घेतली असती तर मॅटाडोरमध्ये रणगाड्याचेही इंजिन बसवण्याचा ठराव पास झाला असता.

मिस्त्री दाराशी चहा पीत उभे होते. कप खाली ठेवून ते म्हणाले, "मास्तर, म्हाराज दत्तक आले तवा गादी कापून न्हवती ना बसवली? हितं गादीच कापाय लागतीया."

मग त्यांनी आम्हां सर्वांना गाडीखाली वाकायला लावले. जीप मागच्या चाकांनी ढकलली जाते. मॅटाडोर पुढच्या चाकांनी ओढते. तिचा गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल पुढेच, एकत्र, इंजिनाला चिकटून. परके इंजिन आणायचे म्हणजे मध्ये नवी पोलादी प्लेट कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर कातून घ्यायची, क्लच जुळवायचा, माउंटिंग कापून पुन्हा वेल्ड करायचे, रेडिएटर सरकवायचा, आणि एवढे सगळे जमले तरी ते केबिनमधल्या झाकणाखाली मावेल की नाही हा प्रश्न उरतोच. त्या झाकणावर आमच्या खलनायकाची नेहमीची बैठक असे. उन्हाळी दौऱ्यात तो तेथे बसून जो भाजून निघे, त्यामुळेच त्याच्या भूमिकेत एक विशेष कडवटपणा उतरतो असे जाणकार म्हणत. झाकण आणखी वर आल्यास त्याचे डोके छताला लागणार होते.

मला व्यक्तिशः या साऱ्या प्रकरणात एकच गोष्ट नवलाची वाटली. आम्ही सर्वजण अश्वशक्तीविषयी बोलत होतो; मिस्त्री एकटे ब्रेकविषयी विचारत होते. वाढीव ताकदीचे इंजिन मिळाले तर ते घालावे का, या माझ्या प्रश्नावर त्यांनी, ही गाडी थांबवणारे ब्रेक कोणत्या साली बनले, असा उलट प्रश्न केला. चासी, स्टिअरिंग, पुढचे जॉइंट, पत्रा, सारेच 1986 सालचे. त्यांच्यात तरणेबांड काही आणून बसवले तर ते बाकीच्यांची हाडे खिळखिळी करणार. म्हाताऱ्या गाडीला इंजिन निवडताना इंजिनाकडे सर्वांत शेवटी पाहावे, असे माझे तेव्हापासून ठाम मत झाले आहे, आणि अश्वशक्तीचे आकडे तोंडपाठ असणाऱ्या माणसाला मी खरेदीला बरोबर नेत नाही.

सगोत्र दत्तक अखेर कोल्हापूरच्या बाहेर एका भंगारवाल्याच्या आवारात सापडला. दुधाच्या फेऱ्या करणारी एक मॅटाडोर पाठीमागून एवढी चेपली होती की तिचे मागचे दार पुढच्या सीटच्या भेटीला आले होते. इंजिनाला मात्र ओरखडाही नव्हता. मिस्त्रींनी बॅटरी जोडली, हीटर प्लग तापेपर्यंत विडी ओढली, आणि स्टार्टर मारला. मग झाकण उलटे ठेवण्याचा तो प्रसिद्ध विधी झाला. अध्यक्ष या खेपेस चांगले दहा पावले मागे सरून उभे होते. झाकण जागच्या जागी नुसते कापत राहिले. तेलाची काडी ओढून पाहिली, तेल काळेच निघाले. त्यात पाणी मिसळून आलेला दुधाळ रंग नव्हता. मिस्त्रींनी पुढची पुली धरून आत-बाहेर हलवून पाहिली आणि भंगारवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात, "इंजिन काय लई बरं न्हाई," असे म्हटले. यावरून ते उत्तम आहे, हे आम्ही ओळखले. भाव तिन्हीसांजेपर्यंत चालला.

दत्तकाला सरकारी मंजुरी लागते, हे 1848 साली साताऱ्याच्या गादीने चांगलेच अनुभवले आहे. आमचे डलहौसीसाहेब परिवहन कार्यालयात बसत, आणि त्यांच्या हाती 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम होते, ज्यान्वये बदल केल्यापासून चौदा दिवसांच्या आत आर.सी. बुकासह वर्दी देणे मालकावर बंधनकारक आहे. वंश, मेक आणि जात एकच असल्याचे अर्जात पाहून साहेबांचा चेहरा निवळला. जीपचे इंजिन असते तर तो कसा झाला असता, याचा विचार न केलेला बरा. त्यांनी इंजिन नंबराची पेन्सिलछाप मागितली. ब्लॉकच्या कुशीला, हात जेमतेम पोहोचेल अशा जागी नंबर ठोकलेला असतो; त्यावर पातळ कागद धरून मऊ पेन्सिल आडवी घासायची की अंक पांढरे उमटतात. आमच्या कागदावर सर्व अंक उमटले, फक्त एक तीन होता की आठ, यावर कारकून आणि साहेब यांच्यात मतभेद पडला. ड्रायव्हरमामांनी गाडीखाली आडवे होऊन रॉकेलच्या बोळ्याने आणि तारेच्या ब्रशाने तो अंक मनोभावे पुसला, आणि दुसऱ्या छापेत आठ निर्विवाद प्रकट झाला. तांबड्या शाईने बुकात नोंद झाली. वारस गादीवर बसला.

खर्च कोणत्या खात्यावर टाकावा, हा प्रश्न तेवढा उरला. आमच्या घटनेप्रमाणे खर्चाची खाती पाच: नेपथ्य, वेशभूषा, रंगभूषा, प्रवास आणि चहापान. प्रवासाची मर्यादा दिवाळीतच ओलांडली गेली होती, म्हणून कोषाध्यक्षांनी इंजिन नेपथ्यात टाकले. वार्षिक तपासणीत लेखापरीक्षकांचा शेरा आला: "नेपथ्यावरील खर्च गतवर्षीच्या मानाने अतोनात वाढलेला दिसतो, परंतु यंदाच्या सर्व नाटकांत तेच जुने दार व तीच खिडकी वापरल्याचे आम्ही समक्ष पाहिले आहे. खुलासा व्हावा." कोषाध्यक्षांनी खुलासा स्वहस्ते लिहून पाठवला, की सदरहू नेपथ्य जड असून ते रंगमंचावर चढवण्यास नाट्यगृहाचा जिना समर्थ नाही, ज्यांस पाहावयाचे असेल त्यांनी प्रयोगानंतर मागील अंगणात यावे, आणि शक्य तर ढकलण्यास हात द्यावा.