गोणपाटाला अस्तर

वरच्या मजल्यावरची पोर फॅशन डिझाइन शिकते. ‘काका, शेवटच्या प्रोजेक्टला परस्परविरोधी साहित्य घ्यायचंय,’ असं ती म्हणाली, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे थेट ‘सत्यकथा’ मासिकाची होळी उभी राहिली. ‘साहित्य म्हणजे मटेरियल हो!’ मग उलगडा झाला. एक बाजू आजीच्या चोळीचा गुळेदगुड्डचा खण, दुसरी मरोळच्या सुक्या बाजारातली बोंबलाची गोणी. दोन्ही मिळून एक जॅकेट.

हसलो, तर तिने मला इतिहास ऐकवला. पॅरिसमध्ये पाको राबानने १९६६ साली प्लॅस्टिकच्या आणि धातूच्या चकत्या कड्यांनी जोडून बारा पोशाख केले आणि ते ‘न घालण्याजोगे’ असल्याचं स्वतःच जाहीर केलं. (एवढा प्रामाणिकपणा त्या धंद्यात पुन्हा दिसला नाही.) मार्जेलाने १९८९ मध्ये फुटक्या बश्या तारेने बांधून बंडी केली. आमच्याकडे बशी फुटली की बंडी होत नाही, बंड होतं. बॅलेन्सियागाने २०२२ मध्ये कचऱ्याच्या पिशवीसारखी चामड्याची पिशवी काढली, किंमत १,७९० डॉलर. आमच्या सोसायटीत ओला-सुका वेगळा करावा लागतो, म्हणजे दोन घेणं आलं.

कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ च्या जूनमध्ये तशाच चपला मिलानला प्राडाच्या रॅम्पवर चालल्या, पण कोल्हापूरचं नाव काही निघेना. अहो, उखाण्यात तरी घ्यायचं! बोंब झाल्यावर घेतलं.

आमच्या शिंपीमास्तरांनी मात्र गोणी दोन बोटांत चोळून पाहिली. ‘अठरा नंबरची सुई लागेल. मोडली तर पैसे वेगळे. आणि अस्तर लावा, नाहीतर मान सोलून निघेल.’ पोर म्हणाली, ‘टोचणं हाच कन्सेप्ट आहे.’ मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि अस्तराचं कापड मापायला घेतलं. दोन सुया मोडल्या.

आजीचं म्हणणं वेगळंच. ‘आम्ही कोकणात पावसात गोणपाटाची खोळ घ्यायचो, पण ती पडवीत उतरवूनच आत यायचो.’ खणाबद्दल ती काही बोलली नाही. उरलेली चोळी घडी करून ट्रंकेत ठेवली.

जॅकेट दोनदा धुतलं, चार दिवस गॅलरीत वाळवलं. बोंबील हटेना. मला स्वतःला तो वास आवडतो, भूक लागते. खालच्या मांजरालाही लागत असावी, ते गॅलरीखालून हलेना.

सादरीकरणाच्या दिवशी सकाळी नऊ वाजता पोर ते घालून मरोळ नाक्याला मेट्रोत चढली. त्या वेळेला तिथे एका पायावर उभं राहायला मिळालं तरी नशीब. तिला बसायला जागा मिळाली. शेजारच्या दोन्हीही रिकाम्या झाल्या.

परीक्षकांना जॅकेटमध्ये ‘किनाऱ्याची स्मृती’ जाणवली म्हणे. ते असो. इमारतीतल्या तिघांनी ऑफिसच्या वेळेपुरतं ते भाड्याने मागितलंय. चौथा नंबर माझा.