आईचा वास

आमच्या कडेगावात मोहरमचे ताबूत बांधताना आधी कळस करतात, मग पाया. एवढे गगनचुंबी ताबूत उभे राहतात म्हटल्यावर त्या पद्धतीला नावं ठेवायची सोय नाही. आईनं दारू सोडली तीही तशीच. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातून आल्यावर विश्वासबिश्वास ही पायाची कामं मागे ठेवून तिनं थेट कळसालाच हात घातला. पहाटे उठून सडा, गल्लीतल्या पोरांना मावा खाण्यावरून झापणं आणि माझ्या वाढत्या वजनाचा जाहीर उद्धार.

पिणारी आई मला सांभाळता येत होती. पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून बाटली शोधायची, पाहुण्यांना ‘बीपी वाढलंय’ म्हणून सांगायचं, पेन्शनचं पासबुक लपवायचं. त्या घरातली आई मीच होते. शुद्धीवर आलेल्या बाईनं आपलं पद परत मागितलं आणि मला आमच्या भागातल्या पुढाऱ्यांविषयी एकदम कणव वाटू लागली. खुर्ची खरंच सुटत नाही हो!

बाईचं पिणं आपल्याकडं हिशेबात नसतं. गावातलं दारूदुकान बायकांच्या मतदानानं बंद करायचं तर एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला, म्हणजे बंदीच्या चिन्हाला, मत द्यावं लागतं. बाप्यांनी प्यायची, बायकांनी बंद पाडायची, अशी सरळ वाटणी. माझ्या आईनं शिक्का कुठं मारावा? मुक्तांगण डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी 1986 मध्ये सुरू केलं, पण तिथं बायकांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग निघायला 2009 उजाडलं. तोवर बायका पीत नव्हत्या असं थोडंच आहे? घरोघरी बीपी वाढत असणार.

सुट्टीला घरी गेले की मी आईच्या गळ्यात पडते. लोकांना माया दिसते. मी श्वास ओढून घेत असते. तिला हे कळत नसेल, असा माझा समज होता. परवा चहाचा कप पुढं करायच्या आधी तिनं माझ्या नाकासमोर तोंड उघडून मोठ्ठा ‘हाऽऽ’ केला.

“घे वास. मग च्या पी, निवतुया.”

दोघी हसलो. वास मी घेतलाच, आल्याचा होता.

पासबुक तिला परत दिलंय. एटीएमचं कार्ड अजून माझ्याच पर्समध्ये आहे.