झाशीत मॉडेल इंजिनियरिंग मंडळ कसे चालवावे: नवशिक्यांसाठी बारमाही मार्गदर्शिका

१. स्थापना

छंदाचे मंडळ काढायला आधी छंद लागतो, असा एक गैरसमज आहे. आधी कार्यकारिणी लागते. अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, कार्यवाह आणि खजिनदार नेमून झाले की जो उरेल त्याला सभासद म्हणावे. लंडनच्या हौशी यंत्रकारांनी १८९८ मध्ये काढलेली संस्था आजही चालू आहे, हा दाखला पहिल्याच सभेत द्यावा. तिथले सभासद यंत्रेही बनवतात, हे वर्गणी गोळा झाल्यावर सांगावे.

यंत्रे बनवण्याचा खर्च घरी रुपयांत सांगू नये, नगांत सांगावा: सहा चाके, दोन सिलिंडर, एक शिटी.

२. उन्हाळा: व्याख्याने

झाशीत मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. या दिवसांत कानस हातात घेण्याची अपेक्षा कोणी करत नाही, म्हणून व्याख्याने ठेवावीत. नारोशंकरांच्या सुभेदारीपासून, म्हणजे १७४२ पासून, इथे मराठी माणसांचा राबता आहे. तेव्हा व्याख्यान बेलाशक मराठीत जाहीर करावे. प्रश्न हिंदीतून येतील आणि उत्तरे कूलरच्या घरघरीत कुणालाच ऐकू जाणार नाहीत.

पहिला विषय 'रुळांचे माप' हा घ्यावा. आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांत १,६७६ मिलिमीटर अंतर असते. एकास सत्त्याऐंशी या प्रमाणात ते १९.३ मिलिमीटर होते. बाजारात त्या प्रमाणाचा तयार रूळ मिळतो १६.५ मिलिमीटरचा, कारण तो परदेशी स्टँडर्ड गेजवरून काढलेला आहे. म्हणजे भारतीय इंजिन हुबेहूब करावे तर रूळ घरी घडवावे लागतात आणि तयार रूळ घ्यावेत तर इंजिनाची चाके जवळ घ्यावी लागतात. या मुद्द्यावर मंडळात तडजोडवाले आणि काटेकोर असे दोन पक्ष पडतात. पडू द्यावेत. दोन्ही पक्ष पुढच्या सभेला न चुकता येतात.

३. पावसाळा: प्रात्यक्षिक

एकोणिसाव्या शतकापासून रेल्वेचा कारखाना असलेल्या गावात निवृत्त फिटर शोधावा लागत नाही. तोच मंडळ शोधत येतो. त्याला 'काका' म्हणावे, चांगली खुर्ची द्यावी आणि बॉयलरवर बोलायला सांगावे.

लहान इंजिनाचा बॉयलर बहुधा तांब्याचा असतो आणि त्याचे सांधे चांदीमिश्रित डागाने जोडतात. नवा बॉयलर वाफेवर चढवण्याआधी त्यात काठोकाठ पाणी भरून, चालू दाबाच्या दुप्पट दाब देऊन तपासतात. तो ८० पौंडांवर चालायचा असेल तर चाचणी १६० वर. पाणी जवळपास दबतच नाही. त्यामुळे सांधा सुटला तरी नुसती पिचकारी उडते. वाफ किंवा हवा कोंडली असती तर तुकडे उडाले असते. ही चाचणी चालू असताना अध्यक्षांना पुढच्या रांगेत बसवावे. त्यांना मान मिळतो आणि काकांना समाधान.

४. भाद्रपद: देखावा

गणपतीच्या तोंडावर 'तुमच्याकडे मोटरीबिटरी आहेत ना?' असे म्हणत शेजारचे उत्सव मंडळ येईल. नाही म्हणू नये. मान हलवणारा उंदीर ही वर्षभरातली तुमची एकमेव पूर्ण झालेली कलाकृती असण्याची दाट शक्यता आहे. त्यात कॅम आहे, क्रँक आहे, आणि दहा दिवस अखंड चालण्याची सक्तीही आहे. परदेशातल्या प्रदर्शनांत यापेक्षा कडक परीक्षा नसते.

५. हिवाळा: सहली

पहिली सहल किल्ल्यावर. कडकबिजली तोफेपाशी ओतकामावर पाच मिनिटे बोलावे. त्यानंतर राणीवर कोणीतरी बोलू लागेलच आणि ओतकाम तिथेच संपेल.

दुसरी सहल शंभर किलोमीटरवरच्या ग्वाल्हेरला. जयविलास राजवाड्यात मेजवानीच्या टेबलावर रूळ मांडलेले आहेत. त्यांवरून माधवराव महाराज शिंद्यांची चांदीची आगगाडी पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार घेऊन फिरे. डब्यावरची सुरई उचलली की गाडी थांबे आणि परत ठेवली की चालू लागे. ही गाडी बनवली इंग्लंडच्या बॅसेट-लोक या मॉडेल बनवणाऱ्या कंपनीने. सभासदांना सुरईखालच्या विजेच्या जोडणीविषयी विचारावे. सुरईत काय होते याविषयी ते आपणहून बोलतील.

याच माधवराव महाराजांची राजवाड्याच्या परिसरातली हौसेची गाडी पुढे वाढत गेली आणि दोन फुटी रुळांची ग्वाल्हेर लाइट रेल्वे झाली. श्योपूरपर्यंतचा तिचा फाटा सुमारे २०० किलोमीटरचा होता. २०२० मध्ये ही छोटी गाडी बंद झाली. मोठ्या यंत्राचे खेळणे सगळेच करतात, पण खेळण्याची रेल्वे करून दाखवणारा मराठी माणूस आपल्या शेजारी होऊन गेला, हे परतीच्या प्रवासात आवर्जून सांगावे. खजिनदारांनी मात्र यातून स्फूर्ती घेऊ नये.

तिसरी सहल पुण्याला. झाशीच्या स्थानकाला २०२१ मध्ये वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव मिळाले, तिकीट काढताना तेच शोधावे. झेलम एक्सप्रेस थेट पुण्यात उतरवते. कर्वे रस्त्याजवळ भाऊसाहेब जोशींनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. सिग्नल, पूल, बोगदे आणि शहर अशी सगळी मांडणी तिथे चालू स्थितीत दिसते. ती पाहून परतलेले सभासद रात्रभर गाडीत आराखडे काढतात. ते आराखडे कार्यवाहांनी ताब्यात घ्यावेत, नाहीतर भेळेखाली जातात.

६. मार्च: वार्षिक सभा

अहवालात व्याख्याने, प्रात्यक्षिके आणि सहली मोजाव्यात. 'पूर्ण झालेली मॉडेल्स' हा रकाना ठेवूच नये. कोणी विचारलेच तर उंदीर दाखवावा.

नव्या मंडळाला एवढेच सांगणे: व्याख्याते मिळतात, सहलीला बसही मिळते, अध्यक्ष तर मागितल्याशिवाय मिळतात. भर उन्हाळ्यातही शेगड्यात पितळेचा तुकडा पकडून तासभर कानस चालवणारे दोन सभासद आधी शोधा आणि मंडळाची नोंदणी त्यानंतर करा.