पदवी नको म्हणणाऱ्यांनो, आधी अट काढा

‘पदवीचं काय घेऊन बसलात, स्किल पाहिजे,’ हा उपदेश हल्ली मोबाईल उघडला की ऐकू येतो. भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरच्या धानकऱ्याच्या मुलीला तो करू नका. शहरातल्या पोराचा मामा आयटीत असतो, तो बायोडेटा पुढे सरकवतो. हिच्या नात्यागोत्यात कॉम्प्युटरवर पोट भरणारं कुणी नाही. कंपनीच्या दारात तिची बाजू घेणारी एकच गोष्ट आहे, तिची पदवी.

ती मिळवणं किती जिकिरीचं, ते जुलैत बघा. इकडे बांधीत रोवणी, तिकडे प्रवेशाच्या कॅप राउंडच्या तारखा. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर, जात वैधता. ऐन हंगामात मजुरी बुडवून बाप तहसीलच्या चकरा मारतो. एक कागद अडला की हातची सीट जाते.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली; अट आठ लाखांच्या उत्पन्नाची. उत्तम निर्णय! पण नागपुरातली खोली, मेस, लॅपटॉप यांचं काय? निर्वाह भत्त्याच्या योजना आहेत. तो भत्ता दर महिन्याला खात्यात पडला पाहिजे. मेसवाला वर्षअखेरीपर्यंत थांबत नाही.

१९५४ साली भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवलेले बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोदे संस्थानाच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. शिकणाऱ्याला महिन्याच्या महिन्याला जगावंही लागतं, हे त्या संस्थानानं ओळखलं होतं.

आता कंपन्यांकडे वळू. अनेक कंपन्यांच्या अर्जातच अट असते: दहावी, बारावी, पदवी, सगळीकडे साठ टक्के. दहावीला अठ्ठावन्न टक्के मिळालेली मुलगी पुढे इंजिनिअरिंगला कितीही चमकली तरी चाचणीआधीच बाद. तिनं लिहिलेला कोड कुणी उघडूनही पाहत नाही. पंधराव्या वर्षी गावात गणिताला शिक्षक होता की नाही, यावर बाविसाव्या वर्षीची नोकरी ठरते. हा सरळसरळ अन्याय आहे.

नागपूरचं मिहान हे उद्योगक्षेत्र भंडाऱ्यापासून काही तासांच्या आत आहे. तिथल्या कंपन्यांनी भंडारा-साकोलीच्या कॉलेजांत यावं आणि सगळ्यांना चाचणीला बसवावं. स्किलच मोठं असेल तर दहावीच्या टक्क्यांची अट आजच काढा. ती काढल्याशिवाय आमच्या मुलींना पदवीला मोल नाही, हे शिकवू नका.